चाल कुणाची, गळा कुणाचा

जिम रीव्ज हा गायक अमेरिकेतल्या टेक्सासचा, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी माझी पक्की समजूत होती की तो बोरिवलीतच, आय. सी. कॉलनीतल्या एखाद्या बैठ्या बंगल्यात राहत असणार. डिसेंबर लागला, खिडक्यांत कागदी चांदण्या लटकल्या, की तिथल्या घराघरांतून त्याचाच आवाज यायचा. मऊ, खालच्या पट्टीतला, कसलीही घाई नसलेला. आजारी पोराच्या उशाशी बसून घरातलं मोठं माणूस हळू बोलतं ना, तसा. तो १९६४ सालीच विमान अपघातात गेला होता. पण कॉलनीच्या हिशेबी तो दर नाताळात हजर असायचा.

आमच्या घरी डिसेंबरात वेगळंच चालू असे. वडिलांची नाट्यसंगीताची कॅसेट, आणि ती अडकली की पेन्सिल घालून गुंडाळण्याचं काम माझं. त्यामुळे माझ्या कानात बालगंधर्व आणि जिम रीव्ज हे दोघे शेजारी शेजारी राहिले. भिंत एकच, दारं दोन.

ज्या मित्राच्या घरी मी रीव्ज ऐकला त्याचे वडील, म्हणजे आमचे अंकल, मूळचे गोराईचे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातले. नावात इंग्रजी असलं तरी घरात बोलतात ती मराठीचीच एक बोली. लग्नात उंबराचं पाणी आणायला विहिरीवर वाजतगाजत जायचं, पारंपरिक गाणी म्हणायची, आणि संध्याकाळी सूट घालून कंट्री म्युझिकवर नाचायचं, हे सगळं त्यांच्याकडे एकाच दिवसात होतं आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही. अंकल आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या नाताळात त्यांच्या मुलाने त्यांना एक नवा अल्बम ऐकवला. कंट्रीवाल्या एका गायकाने साठ-सत्तरच्या दशकातली गाजलेली सोल गाणी आपल्या आवाजात गायली होती. असे अल्बम तिकडे अधूनमधून निघतात. अंकलनी डोळे मिटून तीन गाणी ऐकली आणि निकाल दिला, "गातो बरा. पण हा चर्चमधून आलेला नाय."

मला वाटलं, म्हातारा माणूस धर्माचं काहीतरी बोलतोय. घरी येऊन शोधत बसलो तेव्हा कळलं की त्यांनी एका वाक्यात अर्धा इतिहास सांगितला होता.

सोल संगीत खरोखरच चर्चमधून आलं आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या प्रार्थनामंदिरांत जी गॉस्पेल गाणी म्हटली जात, त्यांचाच गळा घेऊन पन्नासच्या दशकात काही गायक बाहेर पडले आणि देवाच्या जागी प्रेयसीला बसवून गाऊ लागले. गाण्याची रीत मात्र तीच राहिली: एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची, आणि भाव दाटून आला की एकाच अक्षरावर सात-आठ सूर फिरवून ते अक्षर सोडायचंच नाही. कंट्रीचं उलट. तिथे गोष्ट महत्त्वाची. कोण कुणाला सोडून गेलं, घराला कुलूप कुणी लावलं, हे शब्द न् शब्द कळलं पाहिजे. म्हणून अक्षराला एक सूर, फार तर दोन, आणि आवाज बोलण्याच्या अगदी जवळ. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर कंट्री भावगीताच्या अंगाने जातं आणि सोल ठुमरीच्या. तुलना लंगडी आहे, पण चार पावलं तरी चालेल.

आता आश्चर्य असं की हे दोन शेजारी मुळात वेगळे नव्हतेच. दोघंही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्याच कापसाच्या शेतांत वाढलेले. कंट्रीची खूण समजला जाणारा बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातचं. वेगळेपणा पक्का केला तो दुकानदारांनी. तबकड्या विकणाऱ्या कंपन्यांनी काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्या गावकऱ्यांसाठी 'हिलबिली' अशा दोन फळ्या केल्या. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने जून १९४९ मध्ये नावं बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' आणि 'कंट्री अँड वेस्टर्न' अशी जरा सभ्य केली, पण फळ्या दोनच राहिल्या. रेडिओला फळ्या नसतात. आंधळा रे चार्ल्स लहानपणी रेडिओवर गोऱ्यांचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्रीचा कार्यक्रम आवडीने ऐकायचा. १९६२ साली, सोलचा बादशहा म्हणून नाव झालेलं असताना, त्याने एक अख्खा अल्बम कंट्री गाण्यांचा केला. त्यातलं डॉन गिब्सनचं एक गाणं पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं.

मग ही ये-जा थांबलीच नाही. अलाबामातल्या मसल शोल्स या लहानशा गावात अरीथा फ्रँकलिन १९६७ च्या जानेवारीत गाणं ध्वनिमुद्रित करायला गेली, तेव्हा तिच्यामागे वाजवायला बसलेली बरीचशी मुलं गोरी होती आणि आसपासच्या खेड्यांतली होती. अल ग्रीनच्या १९७३ च्या 'कॉल मी' या अल्बमवर हँक विल्यम्स आणि विली नेल्सन या दोन अस्सल कंट्रीवाल्यांची गाणी आहेत. त्याच विली नेल्सनने १९७८ मध्ये जुन्या लोकप्रिय गाण्यांचा 'स्टारडस्ट' हा अल्बम केला, आणि त्याचा निर्माता होता बुकर टी. जोन्स, मेम्फिसच्या सोल संगीतातला मोहरा. तेव्हा कंट्री गायकाने सोलची गाणी गाणं म्हणजे परक्याच्या घरात शिरणं नव्हे. फाळणी झालेल्या वाड्याच्या पलीकडच्या खोलीत जाऊन येणं आहे.

हे वाचताना मला सारखी आमच्या घरातली ती अडकणारी कॅसेट आठवत होती. कारण आपल्याकडे याहून मोठी गंमत झालेली आहे आणि ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की गंमत वाटतच नाही.

संगीत नाटकाचं एखादं जुनं छापील पुस्तक हातात घेऊन बघा. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक शब्द असतो: 'चाल'. आणि पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. म्हणजे नाटककार वाचकाला सांगतोय की बाबा, हे नवं पद त्या तुला ठाऊक असलेल्या गाण्यासारखं म्हण. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि मराठी संगीत रंगभूमीचं युग सुरू झालं असं आपण मानतो. त्या युगाचा पायाच उसनवारीचा. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणीचा ठेका, कानडी गाण्यांच्या चाली, जे कानावर पडलं ते सगळं अण्णासाहेबांनी घेतलं. ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, तेव्हा कानडी चाली त्यांना परक्या नव्हत्याच. कोण कुणाची नक्कल करतं असला प्रश्नही तेव्हा कुणी विचारला नाही. चाल ही विहिरीसारखी होती. पाणी गावाचं, घागर ज्याची त्याची.

पुढे गवई आले. भास्करबुवा बखले हे नाव घेताना आजही जुने लोक कानाला हात लावतात. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांच्या उस्तादांकडे ते शिकले होते. १९१६ साली नाटककार खाडिलकरांचं 'स्वयंवर' आलं, त्याच्या चाली बुवांच्या. ख्यालाच्या अंगाच्या चिजा घ्यायच्या, त्यातले ब्रज भाषेतले शब्द अलगद काढून ठेवायचे आणि त्या जागी खाडिलकरांचे मराठी शब्द बसवायचे. हे वाटतं तितकं सोपं नाही. ब्रजचे शब्द गाण्यासाठीच घासून गुळगुळीत झालेले असतात, स्वर लांब, व्यंजनं हलकी. खाडिलकरांची मराठी संस्कृताने भरलेली, जोडाक्षरांनी ठासलेली. त्या खडबडीत शब्दांवरून यमन किंवा भीमपलास न ठेचाळता चालवत नेणं हे काम काही वेगळ्याच माणसाचं होतं.

'एकच प्याला'ची गोष्ट तर मला दर वेळी थक्क करते. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. नाटक त्यानंतर महिन्याभरात रंगभूमीवर आलं. पदं लिहिली वि. सी. गुर्जरांनी. त्यातल्या कितीतरी चाली पुण्याच्या सुंदराबाई जाधवांकडून मिळालेल्या. या बाई लावणी, ठुमरी, गझल गाणाऱ्या. आणि ती गाणी गाणार कोण, तर दारुड्या नवऱ्यापायी झिजणारी पतिव्रता सिंधू. आणि सिंधू कोण, तर नारायण श्रीपाद राजहंस नावाचा तीस वर्षांचा पुरुष. बैठकीतली शृंगाराची चाल एका पुरुषाच्या गळ्यातून, एका सोशिक गृहिणीच्या तोंडी आली आणि सबंध महाराष्ट्र रडला. यापुढे कंट्रीवाल्याने सोल गायलं याचं नवल ते काय?

हा राजहंस म्हणजे अर्थातच बालगंधर्व. जन्म २६ जून १८८८, मृत्यू १५ जुलै १९६७. त्यांच्या गाण्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी नवीन काय सांगणार. पण ज्यांनी फक्त नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडं. त्यांचा सूर तुटत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर ते उडी मारत नाहीत, ओघळतात. तान घेतली तर ती दाखवायला नव्हे. बोलता बोलता बाईमाणसाने पदर सारखा करावा तशी, कामापुरती. आणि लय. शब्द ठेक्याच्या जरा मागे ठेवायचा, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा आणि समेवर असं अलगद यायचं की आपण कुठे गेलोच नव्हतो. साथीला पायपेटी, सारंगी आणि तबल्यावर साक्षात अहमदजान थिरकवा. नाटक कंपनीत पगारावर थिरकवा! आजच्या भाषेत हा चैनीचा कळस.

पण हे सगळं आपण ऐकतो ते कशावरून? ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून, जिच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत जे पद रात्र चढवीत जायचं ते तबकडीवर असं कोंबलं जायचं की शेवटची ओळ ऐकताना बालगंधर्वांची घाई कळते. म्हणजे आपल्यापर्यंत पोचलेले बालगंधर्व हे मुळातच सारांशरूप आहेत. जे पद त्यांनी शेकडो रात्री शेकडो तऱ्हांनी गायलं, त्यातली एक तऱ्हा मेणावर उमटली आणि ती 'मूळ' ठरली.

यानंतर कुमार गंधर्व. दोघांच्या नावात गंधर्व आहे ते योगायोगाने. महाराष्ट्रात एके काळी गंधर्व या पदवीची लयलूटच होती: सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, आणखी कितीतरी. कुमारांचं खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, गाव सुळेभावी, जिल्हा बेळगाव. पुन्हा तेच बेळगाव. मायबोली कानडी.

या मुलाची ख्याती कशाबद्दल होती ठाऊक आहे? नकलेबद्दल. पोरवयात तो त्या काळच्या मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायचा आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. तान तीच, आवाजाचा पोत तोच, मुरकी तिथेच. लोक तोंडात बोट घालत. आजच्या हिशेबाने तो देशातला सर्वांत चांगला 'कव्हर' गायक होता, वय वर्षं दहा-अकरा. मग त्याला मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे आणलं. गिरगावात ऑपेरा हाउसजवळ देवधरांची संगीतशाळा होती आणि देवधर गुरू म्हणून जरा जगावेगळे. घराण्याचं कुंपण न मानणारे. नकला करणाऱ्या मुलाला स्वतःचा आवाज सापडावा याची वाट बघायला फार मोठं मन लागतं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. क्षयाने गाठलं, १९४८ च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला हलावं लागलं, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. एक फुफ्फुस जवळपास निकामी झालं. अंथरुणावर पडून बाहेरच्या बायकांची, भिकाऱ्यांची, नाथपंथी जोग्यांची गाणी ऐकणं एवढाच उद्योग. तोवर स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि कुमार उठले. उठले ते निराळेच गवई होऊन. त्यांच्या गाण्यातले छोटे छोटे फटकारे, अचानक चढणारा आणि तितकाच अचानक विरणारा आवाज, मध्येच सोडलेली शांतता, हे सगळं एका फुफ्फुसाच्या मर्यादेतून आलं असं सांगितलं जातं. मला हे अर्धंच खरं वाटतं. दमा असलेले लोक काही कुमार होत नाहीत. श्वास आखूड झाला ही अडचण. त्या आखूड श्वासाला शोभेल असा विचार शोधला, हे त्यांचं.

तर या कुमारांनी बालगंधर्वांची पदं गायला घेतली. कार्यक्रम केला, पुढे ध्वनिमुद्रिकाही निघाली. त्याचं नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'.

या नावापाशी मी कितीही वेळ थांबू शकतो. 'समजलेले' नाही. समजणं बाहेरून होतं. शिक्षक समजावतात, पत्र वाचून समजतं, बातमी समजते. उमजणं आतून होतं आणि बहुधा उशिरा होतं. पुन्हा त्याच्या आधी 'मला' आहे. म्हणजे हे बालगंधर्व नव्हेत, त्यांची हुबेहूब छबी नव्हे, त्यांना वाहिलेली फुलंसुद्धा नव्हेत. मी इतकी वर्षं ऐकत आलो, त्यातून मला जे दिसलं ते हे. तुम्हाला दुसरं दिसेल. दोन शब्दांत नम्रता आणि मग्रुरी दोन्ही आहे, आणि मला दोन्ही आवडतात. नकलेत जगाला अचंबित करणारा मुलगा मोठेपणी ज्या गायकावर जीव होता त्याची नक्कल करायला साफ नकार देतो, हे मला त्या ध्वनिमुद्रिकेतलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. कारण तो करू शकला असता.

बालगंधर्व जिथे ओघळतात तिथे कुमार थांबतात. जी जागा बालगंधर्वांनी रेशमासारखी सलग सोडली ती कुमार उलगडून, तुकडे मांडून दाखवतात. घड्याळजी चष्मा लावून चाकं सुटी करतो तशी. ऐकताना आधी राग येतो. माझ्या वडिलांना तर शेवटपर्यंत आला. "हे काय, पद आहे का गणित?" असं म्हणून ते उठून जात. मी बसून राहायचो, आणि एक दिवस कळलं की कुमारांनी तो तुकडा सुटा केल्यावरच मला मूळ पदातला तो तुकडा ऐकू येऊ लागला होता. आधी तो रेशमात लपला होता.

हे होतं कसं, याचं थोडं शास्त्रही आहे. काळी एक पट्टीत पुरुषाने षड्ज लावला की त्याचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात. तार षड्जाला त्याच्या दुप्पट, २७७ च्या आसपास. हा आकडा भीमसेनांचा असो की न्हाणीघरात गाणाऱ्या तुमच्या काकांचा, सारखाच. पण स्वरतंतूंतून नुसता तेवढाच कंप निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे अनेक उपस्वर एकदम निघतात. घसा, टाळू, जीभ, नाक यांच्या पोकळ्या त्यातले काही उचलून धरतात, काही गिळतात. कुठले उचलायचे हे प्रत्येकाच्या हाडामांसावर आणि भाषेच्या सवयीवर ठरतं. त्याच षड्जावर 'आ' म्हणा आणि 'ई' म्हणा, सूर बदलत नाही, पोकळी बदलते आणि कानाला वेगळं अक्षर ऐकू येतं. टेक्सासचा माणूस 'आ' जसा पसरतो तसा मेम्फिसच्या चर्चमधला पसरत नाही. सुळेभावीच्या कानडी जिभेने उच्चारलेलं मराठी पद आणि सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या राजहंसांनी उच्चारलेलं तेच पद, यांत कानाला न सांगताच फरक कळतो.

म्हणजे चालीत जे लिहून ठेवता येतं, सारेगम आणि मात्रा, तो गाण्याचा सांगाडा फक्त. स्वरलिपीत आवाजाचा पोत लिहिता येत नाही, श्वास कुठे सुटला ते लिहिता येत नाही, शब्द ठेक्याच्या किती मागे ठेवला हे तर मुळीच नाही. दुसऱ्याचं गाणं गाणारा सांगाडा उसना आणतो. मांस त्याला स्वतःचंच चढवावं लागतं, दुसरं त्याच्याकडे असतंच कुठे?

गंमत म्हणजे आपला कायदा नेमकं उलटं बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आधी एक सवलत होती: एखादं गाणं ध्वनिमुद्रित होऊन दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून कुणीही त्याची आपली आवृत्ती काढावी. त्या सवलतीवर ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हर्जन कॅसेटींचं पीक आलं. नोएडात बसून टी-सीरिजने जुन्या गाण्यांच्या नव्या गळ्यातल्या कॅसेटी इतक्या स्वस्त विकल्या की स्टेशनबाहेरच्या पथारीवर रफी म्हणून घेतलेला रफी घरी येऊन दुसराच निघायचा. सोनू निगम याच वाटेने 'रफी की यादें' गात लोकांपर्यंत पोचला. अनुराधा पौडवालांनी लताबाईंची गाणी गायली. मी स्वतः अशी एक कॅसेट रेल्वे पुलावर घेतली होती, घरी शिव्या खाल्ल्या आणि मग गुपचूप खूप ऐकली. २०१२ च्या दुरुस्तीने नियम कडक केले: आता पाच वर्षं थांबायचं, किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरायची, वेष्टनावर ही कव्हर आवृत्ती आहे असं स्पष्ट छापायचं. आणि एक अट अशी की मूळ कृतीत तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नाही असा बदल करायचा नाही.

हक्क राखायचे तर अशी अट लागत असेल. वकिलांशी भांडायची माझी तयारी नाही. पण 'तांत्रिकदृष्ट्या आवश्यक' हे शब्द घेऊन कुणी कुमारांच्या त्या ध्वनिमुद्रिकेसमोर बसलं तर काय होईल याची कल्पना करून मला हसू येतं.

लता मंगेशकरांनीही हे केलं आहे. १९९२ साली त्यांची 'श्रद्धांजली' आली: सैगल, पंकज मलिक, रफी, मुकेश, किशोर, गीता दत्त यांची गाणी लताबाईंच्या आवाजात. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या. ते गाणं फार सुंदर आहे, पण तिथे त्या वाकून नमस्कार करतात. कुमार वाकत नाहीत, समोर बसून वाद घालतात. कुठलं चांगलं असं विचारू नका. एक ऐकून डोळे भरतात, दुसरं ऐकून झोप उडते.

अंकलना मी मागे एकदा मुद्दाम दोन्ही ऐकवलं. आधी तबकडीवरचे बालगंधर्व, मग त्याच वळणाचे कुमार. भ्रमणध्वनीला छोटा स्पीकर जोडून, त्यांच्या गॅलरीत. नाट्यसंगीत त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. पहिलं ऐकून म्हणाले, "ही बाई कोण?" मी सांगितलं, बाप्या आहे. त्यावर ते बराच वेळ हसले. दुसरं ऐकून हसले नाहीत. "हा पहिल्याला घाबरत नाय," म्हणाले, "पण त्याच्यावर प्रेम करतो." मग त्यांनी तो कंट्रीवाला अल्बम पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी चार गाणी ऐकली. चौथं त्यांना आवडलं. चर्चचा विषय निघाला नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी परवा मुलुंडहून सकाळची लोकल धरली. डबा भजनी मंडळाचा निघाला. बदलापूरहून बसलेली मंडळी, खिडकीला गणपतीचा फोटो, हातात टाळ, आणि ढोलकीच्या जागी डब्याचा पत्रा. अभंग तुकोबांचा आणि चाल एका जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्याची. मंडळं असं नेहमी करतात. रोजच्या प्रवाशांना ते खटकत नाही, नव्या माणसाला मात्र जरा दचकायला होतं. माझ्या शेजारी असा एक नवा माणूस होता. भांडुप गेल्यावर त्याला राहवलं नाही. त्याने टाळ वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "बुवा, ही तर पिक्चरची चाल ना?"

म्हाताऱ्याने टाळ थांबवला नाही. "पिक्चरची कसली? आमच्या गावच्या देवळात माझा आजा ह्याच चालीवर म्हणायचा. पिक्चरवाल्याने नेली असेल."

पलीकडचा पखवाज्या, म्हणजे पत्र्यावाला, म्हणाला, "मामा, तुमचा आजा गोंधळ्यांकडून शिकलेला. तुम्हीच सांगितलंय."

"मग गोंधळ्यांची," मामा म्हणाले, आणि घाटकोपर यायच्या आत त्यांना पुढचं कडवं घ्यायचं होतं.